भय कोणासाठी?

“पांडुरंग पाठीशी असता भ्यायचं कशाला?” असे आपण सहज बोलून जातो. बोलणे गोड आहे, पण त्यात एक गाठ आहे. ती सोडविली पाहिजे.

आपले होटगी स्टेशनच पाहा. सोलापूरहून आलेला लोहमार्ग येथे फुटतो. एक वाडीकडे जातो, दुसरा विजापूर-गदगकडे. गाडी येताना दिसली की शहाणा मनुष्य रुळावरून बाजूला होतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. उलट “देव राखील” म्हणून जो रुळावरच उभा राहील, त्याला निष्ठावंत म्हणावे काय? तो देवाची परीक्षा पाहतो, इतकेच.

भयावर थोरांनी उपाय निरनिराळे सांगितले. बृहदारण्यक उपनिषद म्हणते की भय दुसरेपणातून उपजते. वेदान्ती दोरीवरच्या सापाचा दृष्टान्त देतात. दिवा आणला की साप नाहीसा होतो. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस, जो एके काळी गुलाम होता, तो सांगे की आपल्या हातचे काय आणि हाताबाहेरचे काय, हे आधी निवडा. गौतम बुद्धांना रानात चालताना भय आले, तर ते जाईपर्यंत ते चालतच राहत. आणि गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीत पहिला मान अभयाचा. पण त्याच यादीत पुढे अहिंसा आहे, भूतदया आहे. दयेवाचूनचे अभय म्हणजे नुसता आडदांडपणा, नाही का?

२०२० साली करोनाच्या साथीत हा प्रश्न आपल्या उंबऱ्याशी आला. पायी वारी थांबली. माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. १ जुलैची आषाढी वारकऱ्यांनी घरीच केली. “आपण भ्यालो व्हय?” हे पुष्कळांच्या मनाला टोचले.

आम्ही म्हणतो, भय कोणासाठी होते ते पाहावे. आपला जीव वाचावा म्हणून आजारी शेजाऱ्याला तांब्याभर पाणीही न देणे, हे भय. आपल्या पायांनी साथ कोणा म्हाताऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून मन मारून बसणे, ही दया. बाहेरून दोन्ही दारे बंदच दिसतात. खरे सांगायचे तर एकाच मनात दोन्ही मिसळलेली असतात. मग पारख कशी करावी? दार बंद असता हात काय करीत होते ते पाहावे. उंबऱ्यावर भाकरी ठेवली की नाही? हाक ऐकली की नाही?

साथ गेली तरी भय सरत नाही. पाऊस लांबतो, कर्ज वाढते, पोर तापाने फणफणते. भय आले म्हणून लाजू नये. दोरी असेल तर दिवा लावावा. गाडी असेल तर बाजूला व्हावे. हाताबाहेरचे असेल ते विठोबाच्या पायी घालावे. मात्र बाजूला होताना शेजारी रुळावरच राहिला नाही ना, एवढे वळून पाहावे.