होय म्हणणे आणि होणे

दिवसातून कितीदा आपण ‘होय’ म्हणतो याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. दुकानदाराला होय, पाहुण्याला होय, घरच्या वडीलधाऱ्या माणसाला होय. जिभेला त्याचे ओझे वाटत नाही. परंतु हा शब्द आला कोठून हे पाहिले म्हणजे तो वाटतो तितका हलका नाही, हे ध्यानी येते.

‘होय’ हे मुळात क्रियापद आहे. संस्कृतात ‘भू’ धातूचे ‘भवति’, प्राकृतात त्याचे झाले ‘होइ’, आणि मराठीत ‘होय’. अर्थ काय, तर ‘आहे’, ‘घडते’. ‘नव्हे’ हे त्याचेच उलटे रूप. न होय, ते नव्हे. संमतीचे दुसरेही शब्द आपल्याकडे आहेत. ‘कबूल’ आणि ‘राजी’ हे मूळचे अरबी, फारसीच्या वाटेने आलेले. कबूल म्हणजे स्वीकारलेले, राजी म्हणजे संतुष्ट. ‘मान्य’ आणि ‘संमती’ यांत ‘मन्’ म्हणजे विचार करणे हा धातू आहे. पण आपला साधा ‘होय’ स्वीकाराचे किंवा संतोषाचे काही बोलतच नाही. ‘उद्या येशील ना?’ ‘होय.’ म्हणजे माझे येणे घडलेच असे समज!

ओंकाराचीही एक बाजू अशीच आहे. छांदोग्य उपनिषदाच्या आरंभी त्याला अनुज्ञेचे अक्षर म्हटले आहे. माणूस कशाला संमती देतो तेव्हा ‘ओम्’ म्हणतो, असे तेथे सांगितले आहे. बृहदारण्यकात प्रजापतीची गोष्ट येते. देव, माणसे आणि असुर त्याच्याजवळ शिकायला राहिले. शिक्षण संपल्यावर त्यांनी उपदेश मागितला. तिघांनाही त्याने ‘द’ एवढेच अक्षर सांगितले आणि विचारले, समजले का? देवांना त्यात दमन समजले, माणसांना दान समजले, असुरांना दया समजली. प्रत्येकाचे ऐकून प्रजापती म्हणाला ‘ओम्’, म्हणजे होय, समजले तुम्हांला. आधी विचारणे, मग ऐकणे आणि शेवटी होय, असा हा क्रम आहे. आज सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘ओके’ मात्र १८३९ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात थट्टेने छापला गेला. ‘सर्व बरोबर’ या अर्थाचे इंग्रजी शब्द मुद्दाम चुकीचे लिहून त्यांची ही आद्याक्षरे घेतलेली. शब्द थट्टेत जन्मला म्हणून दिलेला शब्द थट्टेचा होत नाही, हे मात्र ओके म्हणणारानेही विसरू नये.

आता खरा प्रश्न असा की, भिडेखातर दिलेला होकार हा होकार म्हणावा काय? कोणी म्हणेल, अहो, समोरच्याचे मन कशाला मोडायचे? होय म्हणून टाकावे, पुढचे पुढे. पण शेजाऱ्याने पेरणीसाठी बैलजोडी मागितली, आपण होय म्हटले, आणि दिली नाही. वाफसा काही त्याच्यासाठी थांबत नाही. तेव्हाच ‘नाही’ म्हटले असते तर त्याने दुसरे दार ठोठावले असते. आपल्या गोड होकाराने त्याचे मन राखले खरे, पण हंगाम बुडाला. भीड भिकेची बहीण म्हणतात. येथे भीक मात्र दुसऱ्याच्या वाट्याला आली.

हा झाला बोलणाराचा दोष. विचारणाराचाही दोष असतो, आणि तो आपण फारसा पाहत नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. चारचौघांत तिला विचारतात, ‘काय ग, पसंत ना?’ ती खाली मान घालून गप्प बसते. लगेच कोणीतरी म्हणतो, मौन हीच संमती! म्हातारीपुढे कागद धरतात, ‘आई, येथे अंगठा दे,’ आणि ती देते. या ठिकाणी काय ‘झाले’? कायदासुद्धा याला होकार म्हणायला कचरतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने संमतीची व्याख्या केली आहे ती अशी, की दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली पाहिजे. शिवाय ती संमती मोकळी हवी. जबरदस्तीने, दडपणाने किंवा कपटाने मिळवलेली असेल, तर तो करार रद्द ठरवून घेण्याचा हक्क दबलेल्या माणसाला राहतो. जे कोर्टाला कळते ते आपल्या घरात कळू नये काय?

म्हणून ज्याला खरा ‘होय’ हवा असेल त्याने आधी ‘नाही’ला जागा ठेवावी. मुलीला एकटीला विचारावे, आणि ती नाही म्हणाली तर घरात तोंडे फिरवू नयेत. म्हातारीला कागद वाचून दाखवावा, काय समजले ते तिच्याच तोंडून ऐकावे, दोन दिवस जाऊ द्यावेत. आणि ज्याला विचारले त्याने आपल्या हातून होईल तेवढ्यालाच होय म्हणावे.

माळ घालताना आपणही होय म्हणतो. तो शब्द उच्चारायला क्षण पुरतो. त्यानंतर वर्षानुवर्षे एकादशी धरावी लागते, आषाढीला पंढरीची वाट चालावी लागते. ही चाल सुटली नाही म्हणजे तो ‘होय’ झाला. शेजाऱ्याला दिलेल्या शब्दाचीही हीच रीत आहे, दुसरी नाही.