निम्मी जबाबदारी

मामा इंग्लंडमध्ये लेस्टरला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे, निवृत्तीला टेकलेला. भाची मानसोपचारतज्ज्ञ, प्रौढांच्या एडीएचडी, म्हणजे लक्ष विचलित होण्याच्या विकाराच्या, क्लिनिकमध्ये. म्हणजे एकीकडून जी पत्रं निघतात, ती दुसऱ्याकडे येऊन पडतात. त्या दिवशीचा वाद अशाच एका पत्रावरून पेटला. गोदामात काम करणारा एक तरुण. पदरचे पैसे भरून खासगी क्लिनिकमध्ये निदान झालं, मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाचा डोस बसला, आणि आता यापुढचं औषध जीपीने लिहावं अशी विनंती. तिकडे याला ‘शेअर्ड केअर’ म्हणतात.

मामा : पत्र तीन पानी आहे, पण मला हवं ते त्यात नाही. रक्तदाबाचा आकडा आहे, तो त्या मुलाने घरी मोजून व्हिडिओवर सांगितलेला. वर्षातून एकदा तज्ज्ञ तपासतील म्हणे. त्याने पैसे भरणं थांबवलं तर कोण तपासणार?

भाची : म्हणून तू नाही म्हणणार?

मामा : म्हणू शकतो. होकार द्यायची सक्ती नाही. जीपीने नकार दिला तर सुरू करणाऱ्यानेच औषध चालू ठेवायचं, असा नियम आहे.

भाची : नियम आहे खरा. पण तो मुलगा दोन महिने पैसे भरेल, तिसऱ्या महिन्यात ओढाताण झाली की औषध सोडून देईल. तुझ्या नकाराने धोका टळत नाही, मामा. तुझ्या नजरेआड होतो, एवढंच.

मामा : आणि होकार दिला की माझ्या नावावर चढतो. डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलचं म्हणणं सरळ आहे : सही ज्याची, जबाबदारी त्याची. ‘तज्ज्ञांनी सांगितलं म्हणून लिहिलं’ हे तिथे चालत नाही. दोघांनी वाटून घेतली म्हणून ती निम्मी होत नाही. दोघांवरही अख्खीच पडते.

भाची : संधिवाताच्या रुग्णांना मेथोट्रेक्झेट लिहितोसच की. ते काय साधं औषध आहे? रक्तपेशी, यकृत, सगळ्यावर लक्ष ठेवावं लागतं.

मामा : तिथे काही बिनसलं तर हॉस्पिटलची नर्स फोन उचलते.

(मला वाटतं, वादाचं मूळ या एका वाक्यात होतं. मामाला गोळीची भीती नव्हतीच.)

भाची : खरं सांग, निदानावरही तुझा विश्वास नाही ना? ‘हल्ली ज्याला त्याला एडीएचडी’ असं गेल्या दिवाळीत तूच म्हणाला होतास.

मामा : म्हणालो होतो. शंका आहेच थोडी. पण ती असेल तर त्याला समोर बसवून विचारावी, नियमावर बोट ठेवून परत पाठवू नये. तेवढं मला कळतं. माझी अडचण वेगळी आहे. सप्टेंबर 2023 पासूनचा या औषधांचा तुटवडा आठवतो? कॉन्सर्टा एक्सएल मिळेना. मेडिकिनेट एक्सएल देता येईल का, म्हणून फार्मसीतून फोन. दोन्ही मेथिलफेनिडेटच. पण कॉन्सर्टात 22 टक्के औषध लगेच सुटतं, मेडिकिनेटमध्ये निम्मं. शिवाय ते खाण्याबरोबरच घ्यायचं. मिलिग्रॅम तेच ठेवले तरी दिवस कसा जाईल ते बदलतं. विचारायला एका क्लिनिकला फोन लावला, तर तासभर नुसतं संगीत ऐकलं.

भाची : आम्ही तरी काय करणार? डोस बसलेला प्रत्येक रुग्ण धरून ठेवला, तर नव्याला जागा कधी मिळायची? आधीच लोक वर्षानुवर्षं रांगेत आहेत. म्हणूनच उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेच्या 2018 च्या मार्गदर्शनात आहे की डोस स्थिरावला की पुढचं जीपीकडे सोपवावं. आणि या औषधांच्या नियमांची गंमत बघ. नियंत्रित औषध, म्हणून एका वेळी तीस दिवसांपेक्षा जास्त लिहू नये. प्रिस्क्रिप्शन अठ्ठावीस दिवसांत बाद. दर महिन्याला आठवणीने मागायचं, वेळेत आणायचं. ज्याला नेमकं हेच जमत नाही, त्याच्याकडून!

मामा : शिपमन नावाच्या जीपीने आपल्याच रुग्णांचे खून केले, त्या प्रकरणानंतर ते नियम आवळले गेले. डॉक्टरवर नजर ठेवायला. भुर्दंड रुग्णाला.

भाची : मग या मुलाचं काय?

मामा : रक्तदाब, नाडी, वजन माझी नर्स मोजेल, दर सहा महिन्यांनी. घरात कोणाला तरुणपणी हृदयविकार होता का, हे मी विचारीन. त्याच्या वडिलांनाही मीच तपासतो, ते क्लिनिकला कुठून कळणार? पण वार्षिक तपासणी कोण करणार आणि अडलं तर फोन कोणाला करायचा, हे लेखी आल्याशिवाय सही नाही.

भाची : उत्तराला महिना लागेल. गोळ्या किती उरल्यात?

मामा : बारा दिवसांच्या.

भाची : मधल्या काळापुरतं लिहून दे.

मामा : एकदा लिहिलं की होकारच झाला तो. पुढच्या महिन्यात कुठल्या तोंडाने नाही म्हणू? नाही. क्लिनिकने त्याला अजून सोडलेलं नाही, तोवर गोळ्या त्यांनीच द्यायच्या. उद्या मी स्वतः फोन करतो, त्याला करायला सांगत नाही.

भाची : आणि उचललाच नाही तर?

मामा : तर मला माझं उत्तर मिळालं.

भाची : तुला मिळालं रे. त्याला काय मिळालं?