जेथे बिल येत नाही



पॅरिस शहरात सीन नदीच्या काठी ‘ला तूर दार्जां’ नावाचे एक प्रसिद्ध व अतिशय महागडे हॉटेल आहे. त्याच्या तळघरात द्राक्षारसाच्या सुमारे ३ लाख बाटल्या आहेत. त्यांची यादी म्हणजे सुमारे ४०० पानांचा ग्रंथच! तेथे बदकाचा पदार्थ मागवणाऱ्याला त्या बदकाचा क्रमांक लिहिलेले कार्ड मिळते. १८९० पासून हे क्रमांक चालत आले आहेत. १९४० साली जर्मन सैन्य येण्यापूर्वी तळघरात भिंत बांधून उत्तम बाटल्या लपवण्यात आल्या होत्या.

अशा ठिकाणी जेवणे पाप आहे काय? तसे आपण म्हणणार नाही. प्रभू येशू जकातदारांकडे जेवला, परुश्यांकडेही जेवला. लोकांनी त्याला खादाड व दारुडा म्हटले. काना गावच्या लग्नात त्याने सहा रांजण भरून उत्तम द्राक्षारस दिला. देणारा देव हात आखडता घेत नाही.

प्रश्न आहे तो मेजावर कोणाला जागा नाही याचा. करिंथ येथे प्रभुभोजनासाठी जमलेले सधन लोक आधीच जेवून घेत, कोणाला नशा चढे आणि गरीब उपाशी राही. हे प्रभुभोजनच नव्हे, असे संत पौलाने त्यांना खडसावले.

आपल्याकडे काय होते? लग्न असो वा पहिला ख्रिस्तप्रसाद, ताट किती रुपयांचे होते आणि दारू कोणती होती याचीच चर्चा रंगते. बरोबरी करण्यासाठी कोणी कर्ज काढतो. ज्याच्याकडून परतफेड होईल त्याला आपण अगत्याने बोलावतो. संत लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू याच्या नेमके उलट सांगतो: गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलवा, कारण ते परतफेड करू शकत नाहीत. तेथे बदकांची मोजदाद होते. देवाने तर आपल्या डोक्यावरचे केसही मोजले आहेत, दारावरून परत गेलेल्या माणसाचेसुद्धा.

त्या हॉटेलच्या खिडकीतून नोत्र दाम कॅथेड्रल दिसते. २०१९ च्या आगीनंतर ते डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. तेथील वेदीवर आणि आपल्या वेदीवर एकच भोजन आहे. त्यासाठी लागणारा द्राक्षारस द्राक्षांचा असावा व खराब झालेला नसावा, एवढीच ख्रिस्तसभेची अट आहे. तो किती जुना, किती किमतीचा, हे कोणी विचारत नाही. किंमत प्रभूने क्रुसावर चुकती केली आहे. म्हणून येथे मालक आणि मजूर एकाच रांगेत उभे राहतात.

ही रांग मिस्सानंतर मोडू नये. घरच्या पुढच्या समारंभात, आपल्याला उलट आमंत्रण देऊ न शकणाऱ्या एका कुटुंबाला आपण बोलावू या. उरलेल्या अन्नाचा डबा पाठवणे वेगळे आणि शेजारी बसवून वाढणे वेगळे. आणि ज्याच्या घरात दारूने चूल विझवली आहे, त्याला ग्लासचा आग्रह करू नये. हीसुद्धा प्रीतीच आहे.

प्रभू आपल्या मेजांना त्याच्या वेदीचे रूप देवो. आमेन.