यजमानाची साक्ष

तेजाला सत्याचे चिन्ह मानण्याची माणसाची सवय फार जुनी आहे. ज्ञान म्हणजे प्रकाश आणि अज्ञान म्हणजे अंधार, ही भाषा इतकी अंगवळणी पडली आहे की, प्रकाशही काही लपवू शकतो ही शंका सहसा मनाला शिवत नाही. ईशावास्य उपनिषदाच्या ऋषीला ती शिवली होती. त्याच्या दृष्टीने सत्याचे मुख काळोखाने नव्हे, सोन्याच्या पात्राने झाकलेले आहे. म्हणूनच तो सूर्याला अधिक तळपण्याची नव्हे, तर आपले किरण आवरून घेण्याची विनंती करतो. विसाव्या शतकातील खगोलविज्ञानाने या प्रार्थनेला एक अनपेक्षित दृष्टान्त पुरवला. तो नीट तपासू गेल्यास प्रश्न केवळ आकाशाचा राहत नाही. जे प्रखर आहे त्याचा न्याय कोणाच्या साक्षीने करायचा, असा तो नैतिक प्रश्न होतो.

कन्या राशीच्या क्षेत्रात ‘३सी २७३’ या रुक्ष नावाचा एक ज्योतिबिंदू आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. दुर्बिणीतून पाहिल्यास एखाद्या सामान्य ताऱ्यासारखा वाटतो. केंब्रिजच्या खगोलशास्त्रज्ञांनी केलेल्या रेडिओ-स्रोतांच्या तिसऱ्या सूचीतील तो २७३ वा स्रोत. १९६२ मध्ये चंद्रबिंब या स्रोतावरून सरकले, तेव्हा ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील रेडिओ दुर्बिणीवर सिरिल हॅझर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ लहरी कोणत्या क्षणी लोपतात आणि कोणत्या क्षणी पुन्हा उमटतात हे टिपले. त्यावरून त्याचे आकाशातील स्थान निश्चित झाले. या घटनेला शास्त्रात पिधान म्हणतात. पिधान म्हणजे झाकणे. गोविंद स्वरूप यांनी उटकमंडच्या डोंगरउतारावर उभारलेली आणि १९७० मध्ये कार्यान्वित झालेली रेडिओ दुर्बीणही मुख्यतः अशा चांद्र पिधानांच्या अभ्यासासाठीच योजलेली होती. झाकले गेल्यामुळे एखादी वस्तू सापडावी, हे या कथेतले पहिले नवल.

१९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून मिळालेला या बिंदूचा वर्णपट उलगडला. त्यातील रेषा ओळखीच्या हायड्रोजनच्याच होत्या. मात्र सुमारे १६ टक्क्यांनी तांबड्या बाजूला सरकलेल्या. या ताम्रसृतीचा रूढ अर्थ घेतला, तर तो प्रकाश पृथ्वीवर पोहोचण्यास सुमारे दोन अब्ज वर्षे लागतात, आणि तो बिंदू आपल्या आकाशगंगेच्या शंभराहून अधिक पट तेजाने झळकतो. तरीही क्वेसारांच्या कुळात तो जवळचाच गणला जातो.

परंतु हे अंतर खरे कशावरून? हॉल्टन आर्प यांना उच्च ताम्रसृतीचे काही क्वेसार जवळच्या दीर्घिकांशी जोडलेले दिसत होते. तसे असेल तर ताम्रसृती हे अंतराचे माप ठरत नाही, आणि त्या तेजाचा सारा हिशेबच कोसळतो. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी या निरीक्षणांची दखल गांभीर्याने घेतली आणि २०२५ मध्ये पुण्यात निधन होईपर्यंत प्रस्थापित मताला प्रश्न विचारण्याचा अधिकार सोडला नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी त्यांचे उत्तर स्वीकारले नाही. मात्र त्यांच्या प्रश्नामुळे एक गोष्ट उघड झाली. तो झगझगीत बिंदू आपले अंतर स्वतः सिद्ध करू शकत नव्हता. तेजाची तेजानेच दिलेली ग्वाही अपुरी होती. साक्षीदार दुसरा हवा होता.

तो साक्षीदार मंद होता आणि क्वेसारच्या अगदी शेजारीच होता. ‘३सी ४८’ या दुसऱ्या क्वेसारभोवतालच्या अंधूक प्रकाशाचा वर्णपट १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सामान्य ताऱ्यांच्या खुणा होत्या आणि ताम्रसृती क्वेसारच्याच इतकी होती. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीकडून पुढील अपेक्षा होत्या. प्रारंभी जॉन बाकॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही जवळच्या क्वेसारांभोवती दीर्घिका आढळलीच नाही. जणू ते निराधार अवकाशात जळत होते. अधिक काळजीपूर्वक पाहिल्यावर दीर्घिका दिसू लागल्या. पुढे हबलच्या कॅमेऱ्यात मधला बिंदू आडपडद्याने झाकून ‘३सी २७३’चा परिसर न्याहाळण्यात आला, तेव्हा त्याच्याभोवतीची विशाल लंबवर्तुळाकार दीर्घिका स्पष्ट झाली. दुसऱ्यांदाही झाकल्यानेच दिसले.

लंबवर्तुळाकार दीर्घिकेला सर्पिल दीर्घिकेचे सौंदर्य नसते. तिला भुजा नसतात, नव्या निळ्या ताऱ्यांची आरास नसते. बहुतांश तारे वृद्ध आणि तांबूस. रूप निराकारतेकडे झुकणारे. अशा दीर्घिकेला शास्त्रज्ञ क्वेसारची यजमान म्हणतात. मराठीत हा शब्द अर्थघन आहे. पाहुण्याचे स्वागत करणारा तो यजमान, घरचा कर्ता तो यजमान, आणि ज्याच्या खर्चाने यज्ञ चालतो तोही यजमान. येथे तिसरा अर्थच खरा. क्वेसार हा बाहेरून आलेला पाहुणा नव्हे. दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराकडे ओढला जाणारा तिचाच वायू तापून तळपतो. आहुती तिची, ज्वाळाही तिचीच. उलट त्या ज्वाळेचा दाब उरलेला वायू बाहेर लोटून नव्या ताऱ्यांचा जन्म रोखू शकतो. तेज आपल्या घरावर जगते आणि प्रसंगी घर रिते करते.

इतिहासाच्या आकाशातही असे बिंदू असतात. जबलपूरजवळ नर्मदेवरचा तिलवाराघाट घ्यावा. मार्च १९३९ मध्ये याच परिसरात काँग्रेसचे त्रिपुरी अधिवेशन भरले. तापाने फणफणलेले अध्यक्ष सुभाषचंद्र बोस आणि राजकोटला असल्यामुळे अनुपस्थित असलेले गांधीजी, या दोन तेजांभोवतीच त्या अधिवेशनाची स्मृती फिरते. दोन थोर स्वभावांचा संघर्ष असे त्याचे वर्णन होते. ते खोटे नाही, पण त्यावरून त्या घटनेची खोली मोजता येत नाही. त्यासाठी त्या वर्षीच्या जानेवारीत अध्यक्षपदासाठी मत दिलेल्या सुमारे तीन हजार अनाम प्रतिनिधींकडे वळावे लागते. त्यांनी बोस यांना सुमारे दोनशे मतांनी निवडले होते. आणि त्रिपुरीस मात्र गांधीजींच्या इच्छेनुसार कार्यकारिणी नेमावी असा गोविंद वल्लभ पंतांचा ठराव संमत झाला. दुभंग दोन पुरुषांमध्ये होता त्याहून अधिक त्या घरातच होता, ही साक्ष तेजस्वी नावे देत नाहीत, यजमान देतो. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा अंश याच घाटावर नर्मदेत विसर्जित झाला. आज तिलवाऱ्याचे नाव या दोन प्रसंगांमुळेच दूरवर ठाऊक आहे. ज्या काठाने दोन्ही प्रसंग वाहिले त्या काठावरच्या माणसांचे वर्णन मात्र क्वचितच कोणी करतो.

साहित्याच्या इतिहासाला हा दोष अधिकच जडलेला आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने प्रकाशात आली, तेव्हा एका निरक्षर शेतकरी स्त्रीचा चमत्कार म्हणून महाराष्ट्र दिपून गेला. चमत्कार हा शब्द गौरवाचा, पण तो कवयित्रीला निराधार अवकाशात नेऊन ठेवतो. लेवा बोलीतली मार्मिकता, जात्यावरच्या ओव्यांची परंपरा, खानदेशातील शेतीचे चक्र, आणि ती गाणी उतरवून घेणारे घरातले हात, हे सारे त्या तेजाचे यजमान होत. त्यांना बाजूला सारून केलेली स्तुती प्रतिभेला मोठे करत नाही. ती कुठे उभी आहे हेच कळू देत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. प्रत्येक प्रतिभेमागे परिस्थिती शोधत गेल्यास प्रतिभाच परिस्थितीत विरघळून जाणार नाही का? या बाबतीतही आकाश सावध करते. असंख्य लंबवर्तुळाकार दीर्घिका आज शांत आहेत. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातही सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर जवळपास निद्रिस्त आहे. घर असले म्हणजे दिवा लागतोच असे नाही. खानदेशात जाती हजारो होती, बहिणाबाई एकच झाल्या. म्हणून यजमानाची साक्ष तेजाचे कारण पूर्णपणे सांगत नाही. ती फक्त त्याचे स्थान आणि त्याचे ऋण सांगते. आडपडदा बिंदूला विझवत नाही. तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुरता असतो.

नैतिक कर्तव्य आहे ते या पाहणाऱ्याचे. क्वेसारला नम्रता शिकवता येत नाही आणि थोर माणसांनाही ती बाहेरून शिकवता येत नाही. परंतु दिपून जाण्याचे सुख काही काळ नाकारणे प्रत्येकाच्या हाती असते. क्वेसारचे आयुष्य काही कोटी वर्षांचे मानले जाते. त्याची दीर्घिका मात्र त्यानंतरही अब्जावधी वर्षे मंदपणे उजळत राहते. जो समाज केवळ झगमगाटाची नोंद ठेवतो तो या दीर्घ, मंद काळाला इतिहासाबाहेर टाकतो, आणि पुढे तेज का मावळले हे त्याला उमगत नाही. न्याय म्हणजे तेजाची निंदा नव्हे. ते कोणाच्या खर्चाने जळले, हे विचारण्याइतकी उसंत म्हणजे न्याय.