अर्जुनाला आधी बोलू दिलं

अपशिंगे मिलिटरी हे गाव आमच्या सातारा तालुक्यातलं. घरटी फौजी, अशी त्याची ख्याती. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या ४६ जवानांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. जे जिवंत परतले आणि रात्री दचकून उठत राहिले, त्यांची आठवण मात्र कुठं कोरलेली नाही. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता सप्ताहात ज्ञानेश्वरी पारायणाचं व्यासपीठ चालवतो. खचलेला पुरुष देवाला कमी वाटतो का, हा प्रश्न मला फौजेतही पडायचा आणि पोथीसमोरही पडतो.

आमच्या भागात याचं उत्तर तयार असतं. बाप्या माणसानं रडायचं नसतं. त्यावर कुणी म्हणतं, नाम घे, म्हणजे मन आपोआप ताळ्यावर येईल. श्रद्धा कमी पडली म्हणूनच हे झालं. हे दुसरं बोलणं मला जास्त जिव्हारी लागतं, कारण ते देवाच्या नावानं बोललं जातं.

पण गीतेत काय घडलं ते पाहा. अर्जुनाचे हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कापरं भरलं, गांडीव हातातून निसटलं, उभंही राहवेना. त्या काळचा सगळ्यांत मोठा धनुर्धर दोन्ही सैन्यांच्या मधोमध रथात मटकन बसला. आणि त्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. म्हणजे विषादालाही योगाच्या पंगतीत जागा मिळाली. अर्जुन आपलं दुःख सांगू लागल्यापासून पहिला अध्याय संपेपर्यंत श्रीकृष्ण मध्ये एक अक्षर बोलत नाहीत.

दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला देव त्याला झापतातही. हा नामर्दपणा सोड, तुला शोभत नाही, असंच सांगतात. त्याचा उपयोग काय झाला? अर्जुनानं पुन्हा आपलं दुःख मांडलं, मला काही सुचत नाही, तुम्ही सांगा म्हणाला, लढणार नाही म्हणाला आणि गप्प बसला. खरा उपदेश सुरू होतो तो त्यानंतर. मर्दानगीची हाक खुद्द भगवंतांनी घातली तरी खचलेला माणूस उठला नाही, मग पारावर बसून आपण घातलेल्या हाकेनं तो कसा उठेल?

माझ्या धाकट्या बहिणीचं सासर पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. दाजींची दोन म्हसरं दावणीलाच बुडाली. घरातली माणसं वाचली, म्हणून लोक त्यांना म्हणायचे, "देवाची किरपाच म्हणायची, आता कशाला तोंड पाडून बसलायसा?" पुढं दोन पावसाळे पत्र्यावर सर वाजली की दाजी बॅटरी घेऊन नदीकडं जायचे. जेवताना कुणाशी बोलत नसत.

एका रात्री मी त्यांच्या सोप्यात बसलो. म्हटलं, "दाजी, तुमी बोला. म्या नुसता ऐकतो."

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "सुभेदार, म्हसरं वरडत हुती वो. दावं कापायला इळा गावला न्हाय."

एवढंच बोलले आणि ढसाढसा रडले. बहीण दारात उभी होती, तिला मी हातानंच थांबवलं. पुढं मिरजेच्या मनोविकारतज्ज्ञांकडं त्यांना नेलं. गोळ्या सुरू झाल्या, महिन्याच्या महिन्याला बोलणं सुरू झालं. सकाळचा हरिपाठही सुरूच राहिला. गोळी घेतली म्हणून नाम कमी होत नाही, हे मी सप्ताहात मोठ्यानं सांगतो. काही महाराजांना ते आवडत नाही, तरी सांगतो.

आणि एकदा सावरला म्हणजे कायमचा बरा झाला, असंही नाही. गीता ऐकूनही अभिमन्यू पडला तेव्हा अर्जुन कोसळलाच. युद्धानंतर तर, तुम्ही सांगितलेलं सगळं मी विसरलो, असं त्यानं श्रीकृष्णांना सांगितलं, ते अनुगीतेत आहे. देव नाराज झाले, पण त्याला हाकललं नाही. पुन्हा दुसऱ्या तऱ्हेनं समजावून सांगितलं. म्हणून पाऊस आला की दाजी आजही गप्प होतात, तेव्हा मी त्यांना तुमची श्रद्धा कमी पडली असं म्हणत नाही.

दाजी सावरले, सगळेच सावरत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. शंभरांत एकाहत्तरांहून जास्त पुरुष होते, आणि राज्यांत सर्वाधिक आकडा महाराष्ट्राचा. यातले कितीजण माळकरी असतील, कितीजण पूजा करून घराबाहेर पडले असतील.

माझी सगळ्या व्यासपीठ चालकांना आणि कीर्तनकारांना विनंती आहे. पहिला अध्याय घाईनं उरकू नका. त्या दिवशी मंडपात बसलेल्या गड्यांना सांगा की अर्जुनही थरथरला होता, आणि मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर माइकवरून दोनदा वाचून दाखवा.