कुठे आहेस? इथे आहे

मोबाइल हातात आला आणि आपल्या बोलण्याची सुरुवातच बदलली. पूर्वी फोन उचलला की 'कोण बोलतंय?' असं विचारायचो. आता नाव समोरच दिसतं. म्हणून पहिला प्रश्न येतो, 'कुठे आहेस?' उत्तरंही ठरलेली. 'पोचतेच.' 'रस्त्यात आहे.' 'जरा कामात आहे, पण बोल.' मला मात्र हा प्रश्न ऐकला की बोट्सवाना आठवतो. तिथल्या सेत्स्वाना भाषेत माणसं एकमेकांची ख्यालीखुशाली याच शब्दांत विचारतात. 'ओ काए?' शब्दाला शब्द लावला तर, 'तू कुठे आहेस?' आणि उत्तर, 'के तेंग.' म्हणजे, 'मी इथे आहे.' समोर उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं, कुठे आहेस. आणि त्यानं सांगायचं, इथे. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला चक्क हसू आलं होतं.

बोट्सवाना विद्यापीठात शिकायला म्हणून मी एक वर्ष तिथे होते. विद्यापीठ राजधानीत आहे. नकाशावर आपण गॅबोरोन वाचतो. तिथली माणसं घशातून 'खाबोरोने' म्हणतात. देश महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, आणि माणसं २०२२ च्या जनगणनेत चोवीस लाखांच्याही आत. आपलं एकटं पुणे शहर याहून मोठं. बराचसा मुलूख कालाहारीच्या वाळूचा. मी माणदेशातली, त्यामुळे दुष्काळ मला नवा नव्हता. तिथल्या चलनाचं नावच 'पुला', म्हणजे पाऊस, हे ऐकलं आणि आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. जेवणातही ज्वारी होतीच. पीठ आंबवून शिजवलेली 'टिंग' खाल्ली तर थेट आमची आंबील. एवढं ओळखीचं सापडल्यावर वाटलं, इथे आपलं काही अडणार नाही. अडलं ते पहिल्याच आठवड्यात, थांब्यावर. त्या शहरात फिरायचं ते कोंबीनं. कोंबी म्हणजे आपल्याकडच्या वडापसारखी, दाटीवाटीनं माणसं बसवणारी छोटी गाडी. थांब्यावर एक बाई पिठाचे तळलेले गोळे विकत होत्या. मला उशीर झालेला. मी घाईघाईनं इंग्रजीत विचारलं, 'विद्यापीठाची कोंबी कुठे लागते?' त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, 'दुमेला, म्मा.' नमस्कार, बाई. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. त्या पुन्हा तितक्याच शांतपणे म्हणाल्या, 'दुमेला, म्मा.' रागावल्या नव्हत्या. वाट बघत होत्या. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मीही म्हटलं, 'दुमेला, म्मा.' त्यांनी विचारलं, 'ओ काए?' शेजारच्या मुलीनं हळूच सुचवलं, 'के तेंग.' मी ते म्हटलं. बाई हसल्या. कढई त्या मुलीवर सोपवून मला कोंबीपर्यंत पोचवायला आल्या. या नमस्कारात अर्धं मिनिट गेलं असेल. कोंबी काही चुकली नाही.

ते अर्धं मिनिट मग मी वर्षभर रोज पाहिलं. दुकानात साखर मागण्याआधी, दवाखान्यात नंबर लावण्याआधी, रस्ता विचारण्याआधी. कोंबीत चढणारा आधी बसलेल्यांना दुमेला करायचा आणि मग जागा शोधायचा. बाईला 'म्मा', पुरुषाला 'र्रा'. वडीलधाऱ्यांना 'ओ काए' म्हणायचं नाही, 'ले काए' म्हणायचं. आपण 'तू'चं 'तुम्ही' करतो, अगदी तसं. पैसे देताना उजवा हात पुढे आणि डाव्या हाताचा त्याला कोपरापाशी आधार. आपण प्रसाद घेताना उजव्या हाताखाली डावा धरतो, त्याची मला आठवण व्हायची. निघणारा म्हणतो, 'सुखानं राहा', आणि राहणारा म्हणतो, 'सुखानं जा'. माझी खोलीतली मैत्रीण झिंबाब्वेची, हरारेची, घरी शोना बोलणारी. ती रोज सकाळी आईला फोन करायची आणि विचारायची, झोप नीट लागली का. आई म्हणायची, 'तुला लागली असेल, तर मला लागली.' मी एकदा विचारलं, 'तुझी आई खरंच असं म्हणते?' ती म्हणाली, 'माझी आईच कशाला, आमच्याकडे सगळेच म्हणतात.' तिला त्यात विशेष काहीच वाटत नव्हतं. रोजच्या तोंडातले शब्द ते. पण त्या शब्दांमुळे रोज सकाळी एकदा तरी दुसऱ्याच्या झोपेची चौकशी होत होती.

विद्यापीठाच्या आवारात एक पुतळा आहे. एक माणूस आणि त्यानं हाकत आणलेलं जनावर. १९६६ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्याला स्वतःचं असं विद्यापीठ नव्हतं. जे होतं ते लेसोथो आणि स्वाझीलँड यांच्या भागीतलं. १९७५ मध्ये लेसोथो त्यातून बाहेर पडला. तेव्हा राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांनी १९७६ मध्ये लोकांना हाक दिली. 'मोथो ले मोथो खोमो', माणशी एक जनावर. ज्यांच्याकडे गुरं होती त्यांनी गुरं दिली. कुणी धान्य आणलं, कुणी पैसे, कुणी अंडी. १९८२ मध्ये बोट्सवाना विद्यापीठ स्थापन झालं. माझे वडील रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेले. घरातलं मूठभर धान्य शिकणाऱ्या मुलांसाठी बाजूला काढायचं, ही कर्मवीर अण्णांच्या मुष्टिफंडाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. त्यामुळे त्या पुतळ्यापुढून जाताना माझी पावलं जरा रेंगाळायची. 'इथे आहे' या शब्दांत आणखीही काही आहे, असं तिथे वाटू लागलं. हाक आली की जे हाताशी असेल ते घेऊन माणूस हजर होतो. अंडं असेल तर अंडं घेऊन.

सुट्टीत आम्ही काही जणी कसानेला गेलो, देशाच्या पार उत्तर टोकाला, चोबे नदीच्या काठी. बसनं ९०० किलोमीटरांहून जास्त. वाटेत लाळ्या-खुरकूत रोगाची चौकी लागली. सगळ्यांनी खाली उतरून औषधात भिजवलेल्या चटईवर पाय ठेवायचे. चपलांबरोबर रोग पलीकडच्या गुरांपर्यंत जाऊ नये म्हणून ही खबरदारी. तिथला पहारेकरी उतरणाऱ्या प्रत्येकाला वेगळं दुमेला म्हणत होता. नाटा गावाच्या पुढे उन्हं कलल्यावर हत्ती आडवे आले. त्या देशात लाखाच्या वर हत्ती आहेत. ड्रायव्हरला त्याचं नवल नव्हतं. त्यानं पन्नास पावलं अलीकडे गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. कळप रस्ता ओलांडू लागला. मोठ्यांच्या मधोमध एक पिल्लू. बसमध्ये कुणी आवाज केला नाही. मी पटकन फोन काढला. फोटो हलला. दुसरा काढला, त्यात खिडकीची काच चमकली. तिसरा, चौथा. शेवटचा हत्ती झुडपात शिरला, तेव्हा शेजारच्या आजोबांनी मला विचारलं, 'ओ काए?' हे तर सकाळी गाडीत बसतानाच विचारून झालं होतं. आता पुन्हा का, मला कळेना. मग पाहिलं, ते माझ्या हातातल्या फोनकडे बघत मिस्कील हसत होते. हत्ती पन्नास पावलांवर होते आणि मी चार बोटांच्या पडद्यात. 'के तेंग' म्हणायला तोंड उघडलं, पण ते खरं नव्हतं. मग मीही हसले आणि फोन पिशवीत टाकला. पुढचे हत्ती मी डोळ्यांनी पाहिले. त्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही, पण एकाच्या कानाची फाटलेली कड अजून आठवते.

आता मी पुण्यात नोकरी करते. इथे वाटेत भेटेल त्याला थांबून रामराम घालत बसले, तर कामाला पोचणं कठीण, हे मलाही कळतं. आपल्याकडे विचारपूस नाही असंही नाही. 'जेवलात का?' आहे, 'बरं आहे ना?' आहे. पण हल्ली कुणी 'कसं काय?' म्हटलं की आपण म्हणतो, 'चाललंय.' गाडं चाललंय, एवढंच सांगतो. आपण त्यात बसलोय का, ते सांगायचं राहून जातं. म्हणून मी तेवढं अर्धं मिनिट राखून ठेवते. जिन्यापाशी बसणारे काका, कचरा न्यायला येणाऱ्या ताई, ऑफिसात ज्यांच्याकडे काम आहे ते, कुणीही असोत. आधी विचारायचं, मग काम सांगायचं. आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबायचं. हे थांबणंच अवघड. सुरुवातीला मी काकांना 'बरं आहे ना?' विचारायची आणि ते बोलेपर्यंत दोन पायऱ्या चढून गेलेली असायची. अजूनही चुकतं, पण कमी. आज तुम्ही घराबाहेर पडाल, तेव्हा पहिला जो भेटेल त्याच्यापाशी एवढं करून बघा. त्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत तिथेच असा.

आज सकाळचीच गोष्ट. डबा भरता भरता मी फोनवर ऑफिसचे निरोप वाचत होते. बाहेरच्या खोलीतून आईनं हाक मारली, 'अगं, कुठे आहेस?' घर दोन खोल्यांचं. मी कुठे असणार, हे तिला ठाऊकच. एरवी 'आले, आले' म्हणत मी वाचत राहते. आज फोन ओट्यावर पालथा ठेवला, दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, 'इथे आहे.' तिला सुईत दोरा ओवून हवा होता. अर्धं मिनिट लागलं. बस काही चुकली नाही.