पिठाचा दागिना

दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि सुमारे वाटीभर पाणी, एवढ्या साहित्यात नाताळच्या झाडाला टांगावयाचे तारे, घंटा व बाहुल्या घरच्या घरी होतात. कणीक घट्ट मळून आकार कापावेत, दोऱ्यासाठी भोक पाडावे आणि मंद आचेच्या भट्टीत कित्येक तास वाळवावेत. जर्मनीत या लगद्याला 'झाल्त्सटाइग', म्हणजे मिठाचे पीठ, म्हणतात. हीच आरास आपल्या घरातील मुलांनी दिवाळीसाठी करावयास घेतली, तर एखादी आजी 'अन्नाशी खेळू नये' असे म्हणेल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

अन्नाची अवहेलना करू नये, असे तैत्तिरीय उपनिषदाची भृगुवल्ली सांगते. परंतु आपणही पिठाची शोभा करतोच की! फरक कोठे आहे, तो पाहावा. तांदळाच्या पिठाची रांगोळी मुंग्या नेतात. दिव्यांच्या अवसेचे कणकेचे दिवे पूजेनंतर तुपाबरोबर खाल्ले जातात. गोव्यात चवथीच्या माटोळीला बांधलेला नारळ उतरल्यावर फोडता येतो. तेथे अन्न शोभा देऊन पुन्हा कोणाच्या तरी मुखी जाते. मिठाच्या पिठात मात्र मीठ घालण्याचा एक हेतूच असा की त्याला बुरशी लागू नये, किड्याने त्याला तोंड लावू नये. येथे अन्नाची वाट आपण जाणूनबुजून बंद करतो.

आमच्या व्यवसायामुळे येथे जस्टिनियन सम्राटाच्या इ. स. 533 मधील 'इन्स्टिट्यूट्स'चे स्मरण होते. एकाच्या द्रव्यातून दुसऱ्याने नवी वस्तू घडविली, तर ती कोणाची? मूळ द्रव्य परत मिळविता येत असेल तर द्रव्याच्या धन्याची. येत नसेल तर घडविणाऱ्याची. सोन्याचे भांडे वितळविता येते, द्राक्षांची वारुणी पुन्हा द्राक्षे होत नाही. भाजलेला मिठाचा तारा या वारुणीच्या वर्गातला. म्हणजे मुदपाकखान्याचा त्यावरील हक्क सुटला. पण ज्याचा हक्क त्याचेच दायित्व, आणि हे दायित्व मुलालाही कळावयास हवे.

म्हणून आम्ही निकाल मुलाच्या बाजूने देतो, मात्र सशर्त. पीठ वाटीने मोजून द्यावे, आणि केलेला दागिना पुढील वर्षीही वापरावा. दोन वाट्या मैद्यासाठी नातवास दटावणारे घर लग्नाच्या पंगतीत भाताची पातेली उकिरड्यावर जाताना मुकाट्याने पाहते, हे आम्हांस अधिक खटकते. बाजारची प्लास्टिकची झुंबरे धान्य खात नाहीत, हे खरे. परंतु ती मातीतही मिसळत नाहीत, आणि त्यांत कोणाच्या बोटाचा ठसा नसतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. मीठ हवेतील ओल ओढते, म्हणून आपल्या किनाऱ्यावर दागिना पूर्ण सुकल्यावर दोन्ही अंगांनी व्हार्निश लावावे व पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. कुत्र्याच्या तोंडी तो पडू देऊ नये. एवढे मीठ त्याच्या जिवावर बेतू शकते. आणि मोडलेला तुकडा पिठाचा आहे म्हणून गाईपुढे टाकू नये, तुळशीच्या बुंध्याशीही नको. खारट मातीत ती जळते.